पोट जरा आत घे

धाकटी गाणारी आणि थोरली कागद कापणारी, अशी त्या घरातली वाटणी लहानपणीच झाली होती. धाकटी टेबलावर उभी राहून गायची आणि थोरली त्याच टेबलाखाली बसून चपलांच्या खोक्यांची घरं करायची. पुढे धाकटी पॉप गायिका झाली, मैदानंच्या मैदानं भरवायला लागली. थोरली खोक्यांचीच राहिली. साबणाची खोकी, औषधांची खोकी, अधूनमधून एखाद्या गायकाच्या अल्बमचं कव्हर. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, त्यातलाच प्रकार. पण थोरलीला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. आपल्या हातचं खोकं कधी चुकीच्या घडीवर फाटत नाही, याचा तिला चांगला माज होता. धाकटीबद्दल तिच्या मनात जे साचलं, ते आईच्या आजारपणापासून.

आई अंथरुणाला खिळली आणि थोरलीने आपलं सगळं काम आईच्या खोलीत हलवलं. पलंगाच्या पायथ्याशी कापायचं टेबल, खिडकीशी संगणक, मध्ये औषधांची तिवई. घडी बसवायची पट्टी एका हातात आणि दुसऱ्या हातात पेजेचा चमचा, असे ते दिवस. धाकटी परगावी, परदेशी, कार्यक्रम एकामागून एक. तिला यायला जमायचं नाही. फोन मात्र ती रोज करायची, हे कबूल करायला हवं.

"सांग ना ताई, आज काय झालं?" असं म्हणायची, आणि थोरली सांगायची. दुसरं होतं कोण तिला सांगायला? आईच्या डोक्यावर मूठभर केस उरलेत, तरी ती म्हणते वेणी घाल. आईला खिडकी उघडी लागते, रस्त्यावरची माणसं भांडली की तिला बरं वाटतं. आणि एकदा थोरलीने हुंदके देत सांगितलं, की आई आता मला ओळखत नाही गं. चमचा माझ्या हातात असतो आणि ती हाक मारते तुला. दिवसभर तुझंच नाव.

पलीकडे धाकटीही रडली होती. रडणं खोटं नव्हतं. पण ऐकतानाच तिच्या डोक्यात चाल लागायला सुरुवात झाली असणार, अशी थोरलीची आता खात्री होती.

कारण आई गेल्यावर वर्षभराने धाकटीचा नवा अल्बम तयार झाला आणि त्याचं नाव होतं 'उशाशी'. मूठभर केसांची वेणी त्यात होती. खिडकीखालची भांडणं होती. आणि अल्बमआधीच बाहेर पडून सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या गाण्याचं ध्रुवपद असं होतं, की तिचे डोळे मिटत होते आणि ती माझंच नाव घेत होती, मी चमचा धरून बसले होते. मी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो निदान बिळात तरी राहतो. ही बाई बिळात न राहता बिळाची गाणी गात होती.

थोरलीने ते गाणं पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं. गाण्यानंतर मुलाखत होती. निवेदकाने हळुवार आवाजात विचारलं, "इतक्या कार्यक्रमांतून तुम्ही आईची सेवा कशी केलीत?" धाकटी म्हणाली, "मदतीला घरात एक बाई होती. पण भरवायचे मीच. आईला माझाच हात लागायचा."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं, ते थोरलीला त्या दिवशी कळलं. ती उठून मोरीत गेली आणि नळाखाली मनगटं धरून उभी राहिली. एक बाई. मदतीला. घरात.

त्याच आठवड्यात धाकटीचा फोन आला. "ताई, कव्हर तूच करायचंस हं. आईचा अल्बम आहे, बाहेरच्या माणसाकडे कसा देऊ?"

थोरली म्हणाली, "देऊच नकोस. मीच करते."

मुलाखतीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. भांडून काय मिळतं? धाकटी रडली असती, माफी मागितली असती, आणि पुढच्या अल्बममध्ये बहिणीच्या भांडणाचं गाणं आलं असतं. थोरलीला माफी नकोच होती. उशाशी कोण होतं हे जगाला कळायला हवं होतं, आणि तेही जगासमोर, धाकटीच्या तोंडावर. उट्टं काढायचं तर कामातूनच काढायचं, एवढं तिने ठरवलं. कसं, ते अजून ठरलं नव्हतं.

मार्ग धाकटीनेच दाखवला. ती मॅनेजरला घेऊन थोरलीच्या कामाच्या खोलीत आली. मॅनेजर म्हणजे सतत दोन फोन हातात धरणारा आणि दोन्ही फोनवर 'बघतो' म्हणणारा गृहस्थ. धाकटीने भिंतीवरच्या एका चौकटीकडे बोट केलं. "कव्हरवर हा फोटो. मी आईच्या मांडीवर बसलेला. माझा हा एकच फोटो आहे आईबरोबरचा."

फोटोत तरुण आई पायरीवर बसली होती. अंगात सैलसर झगा. मांडीवर दोन खिशांचा पिवळा फ्रॉक घातलेली मुलगी.

ती मुलगी थोरली होती.

धाकटीची चूक समजण्यासारखी होती. तिचं सगळं बालपण थोरलीच्या उतरलेल्या कपड्यांत गेलं. तोच पिवळा फ्रॉक, तेच दोन खिसे, त्यात तिने शाळेतले खडू लपवले होते. फ्रॉक आठवतो म्हणजे फोटोतली आपणच, असा तिचा हिशेब. आणि तिच्या वेळेपर्यंत घरातला कॅमेरा बिघडला होता, म्हणून आईच्या मांडीवरचा तिचा एकही फोटो नव्हता. लहान मुलाचा चेहरा म्हणजे काय, नाक आणि गाल. बहिणींचे सारखेच.

पण थोरलीला आईने शेवटच्या दिवसांत, शुद्धीवर असताना, हा फोटो पुसता पुसता सांगितलं होतं, "ही तू. आणि ही बघ, पोटात ती. दिवस भरत आले होते माझे. मांडीवर जागाच नव्हती तुला, सारखी घसरायचीस."

थोरलीने बोलायला तोंड उघडलं होतं. मग तिने ते मिटलं. "छान आहे फोटो," ती म्हणाली. "मोठा चांगला होईल."

तिचा तेव्हाचा बेत साधा होता. हजारो कव्हरं छापून होऊ द्यायची. प्रकाशनाच्या दिवशी ती कव्हर करणारी म्हणून मंचावर असणारच. कुणी विचारलं की सांगायचं, मांडीवर मी आहे आणि उशाशीही मीच होते. हिला फोटोतली स्वतः ओळखता येत नाही, ती आईला काय ओळखणार!

फोटो ओल लागून काचेला चिकटला होता. थोरलीने आधी काचेसकट स्कॅन करून घेतला, तो शहाणपणा. मग आणखी चांगला स्कॅन मिळेल म्हणून काच सोडवायला गेली, तो लोभ. चित्राचा पापुद्रा काचेलाच राहिला आणि मागचा कोरा कागद तिच्या हातात आला. काच कोरडी पडली तसे पापुद्र्याचे तुकडे गळाले. आता तो फोटो जगात एकाच ठिकाणी होता, तिच्या संगणकात. ती दिवसभर चुटपुटत राहिली.

कव्हर पुस्तकासारखं उघडणारं होतं, आत दोन तबकड्या, मधल्या पानावर गाणी. आजकालच्या पोरांना पुन्हा तबकड्या हव्या झाल्यात, ऐकायला कमी आणि भिंतीवर ठेवायला जास्त. थोरलीने कोऱ्या पुठ्ठ्याचे नमुने कापले, दुमडले, उघडले. मधल्या घडीचा कणा आईच्या चेहऱ्यावरून जाऊ नये म्हणून फोटो सरकवला. छापखान्याचे मालक म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा फरकासाठी परत नमुना?" ती म्हणाली, "हो, एवढ्याशाच फरकासाठी." राग असला तरी वाईट काम तिच्या हातून होत नव्हतं. सूड घ्यायचा तोही नीट मापात, हा तिचा स्वभाव.

धाकटीच्या सूचना सुरू झाल्या. पिवळा आणखी पिवळा. पायरीवरची भेग काढ. नावाची अक्षरं मोठी, नको, लहान, नको, मघाचीच बरी होती. सूचनांचा पाऊस पाडायचा आणि विसरून जायचं, ही तिची पद्धत. आणि एका दुपारी गाडीतून फोन आला, मागे कुणीतरी हसत होतं. "ताई, सगळं मस्त आहे. फक्त आई जाड दिसतेय गं त्यात. आई किती सडपातळ होती! तिचं पोट जरा आत घे ना."

थोरलीने संगणकावर तो फोटो उघडला.

"येतं ना करता?"

"येतं की. अगदी सपाट करू?"

"हो, अगदी सपाट कर."

फोन ठेवल्यावर थोरली हसली. एकटीच, मोठ्याने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला काही करावंच लागलं नव्हतं. धाकटीने स्वतःच्या तोंडाने स्वतःला फोटोतून काढायला सांगितलं होतं.

तिने फोटो मोठा केला, पडदाभर. इतक्या जवळून तो तिने कधी पाहिला नव्हता. आईचा एक हात मुलीच्या पाठीशी होता, पडू नये म्हणून नुसता लावलेला. दुसरा हात पोटावर, बोटं पसरून, जपून. आणि आईची नजर. चौकटीत बघताना इतकी वर्षं थोरलीला वाटायचं की आई आपल्याकडे बघतेय. आई बघत होती पोटाकडे. मांडीवरची पोर घसरत होती आणि आई मान खाली घालून, ओठांत हसू दाबून, जी अजून आलीसुद्धा नव्हती तिच्याकडे बघत होती.

म्हणजे तेव्हाही! थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. तेव्हाही तिचंच नाव, तेव्हाही मी नुसती मांडीच्या कडेला!

मग तिने कामाला हात घातला. पोटाची गोलाई पुसली. झग्याच्या चुण्या सरळ खाली उतरवल्या. पोटावरचा हात तसाच अधांतरी राहिला, तो उचलून तिने मुलीच्या कमरेभोवती आणून ठेवला. बोटांच्या सावल्या एकेक करून बसवल्या. आता आईचे दोन्ही हात थोरलीभोवती होते. आणि गंमत अशी, की पोट गेल्यावर नजर आपोआप मुलीवर पडली. डोळ्यांना हातसुद्धा लावावा लागला नाही. आई आता थोरलीकडे बघत होती, सगळं जग विसरून.

मूळ फाइलला हात लावायचा नाही, नक्कल करायची आणि नकलेवर काम करायचं, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. तिने तो मोडला, कळून सवरून. संगणकाने विचारलं, मूळ फोटोच्या जागी हा ठेवायचा का? ती दात-ओठ खात म्हणाली, "ठेव." मग संगणकातच दुसरीकडे ठेवलेली प्रतही शोधून पुसून टाकली. परत ये म्हटलं तरी धाकटी आता त्या पोटात परत येणार नव्हती.

मॅनेजरने कव्हर पाहून फोन केला. "मॅडम, काय प्रेम आहे हो आईच्या डोळ्यांत! आमच्या मॅडम तर रडल्या." थोरली म्हणाली, "रडणारच."

बेतही आता बदलला. आपण माइक घेऊन सांगायचं, हे तिला फिकं वाटायला लागलं. लोक म्हणतील, बहिणीचा मत्सर. त्यापेक्षा सगळं धाकटीच्या तोंडूनच निघायला हवं, आणि त्याची खात्रीची युक्ती थोरलीइतकी कुणाला माहीत होती? धाकटीला गोष्ट सांगायची. बस्स. तिच्या कानात पडलेली गोष्ट तिची होते आणि दिवस मावळायच्या आत चारचौघांत बाहेर येते.

प्रकाशन दुपारी होतं. सभागृह भरलेलं, मंचामागे भिंतभर पडद्यावर कव्हर. बाजूच्या खोलीत धाकटी आरशासमोर बसली होती, तोंडावरचा रंग पुरा होत आलेला. थोरलीने रंगवणाऱ्या मुलीला बाहेर पाठवलं.

"तुला एक सांगायचं होतं. आता सांगू की नंतर?"

"आत्ताच सांग ना. अजून बोलावणं आलं नाही, काहीतरी बोल."

"त्या फोटोत मांडीवर तू नाहीस. मी आहे."

धाकटीचा चेहरा पडला. रंगाखालून पडलेला दिसला. तिने विचारलं, "मग मी?"

"तू आईच्या पोटात होतीस. दिवस भरत आले होते. आईनेच सांगितलं मला."

थोरली थांबली. कव्हरची एक प्रत आरशाखालीच पडली होती. धाकटीने एकदा, फक्त एकदा, मान वळवून तिकडे बघितलं असतं तर तिला आठवलं असतं. थोरलीने तेवढा वेळ तिला दिला. नंतर कुणी म्हणायला नको. पण धाकटी कव्हराकडे बघत नव्हती. तिचे डोळे चमकायला लागले होते. दुधाचं भांडं उघडं दिसलं की मांजराचे चमकतात तसे.

"ताई! अगं किती सुंदर आहे हे! म्हणजे आपण तिघी आहोत त्यात! तू आधी का नाही सांगितलंस?"

"सुचलं नाही," थोरली म्हणाली.

मंचावर धाकटीने लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं. आवाज खाली आणला. तो तसा आणता येणं हीच तिची कमाई होती. "आज मी तुम्हाला एक गुपित सांगणार आहे," ती म्हणाली. "मांडीवरची ही मुलगी मी नाही. ही माझी ताई, जिने हे कव्हर केलं. पण मीही आहे या फोटोत. लपलेली आहे. बघा, आईच्या पोटात मी आहे. जन्माआधीपासून आम्ही दोघी एकमेकींना धरून होतो."

लोकांमधून 'अहाहा' असा आवाज निघाला. कुणी टाळ्या सुरू केल्या. धाकटी दाखवायला पडद्याकडे वळली, बोट वर करून. बोट तसंच राहिलं.

भिंतीएवढी आई होती. सडपातळ. झगा गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ उतरलेला. दोन्ही हात मुलीभोवती.

टाळ्या विस्कटल्या. लोक हातातली कव्हरं उघडून बघायला लागले, तिरकी करून, डोळ्यांजवळ नेऊन. पहिल्या रांगेतला एक वार्ताहर प्रामाणिकपणे म्हणाला, "कुठे? दिसत नाहीये." कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजर विंगेतून म्हणाला, "बघतो, बघतो."

"ताई?" धाकटी म्हणाली. माइक चालू होता.

थोरली आपल्या खुर्चीवरून उठली. समोरचा माइक तिने जवळ घेतला. "नाहीये. तूच सांगितलंस ना, पोट आत घे म्हणून? अगदी सपाट. मी घेतलं." मग ती लोकांकडे वळली. "मांडीवर मी आहे. उशाशीही मीच होते. घरात मदतीला म्हणून जी बाई होती ना, ती मी."

पहिल्या रांगेतला वार्ताहर भराभर लिहायला लागला. थोरलीला हायसं वाटलं, किती दिवसांनी. भाजलेल्या हातावर पाणी सोडल्यासारखं. हेच हवं होतं तिला, आणि ते अगदी मापात, घडीवर घडी बसावी तसं झालं होतं.

पुढे काहीतरी गोंधळ झाला, मॅनेजरने गाणं लावलं, लोक उठले. धाकटी बाजूच्या खोलीत जाऊन बसली. थोरली आपली पिशवी घ्यायला तिथे गेली. तिला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल. तिची तयारी होती, उत्तरं तयार होती.

धाकटीच्या मांडीवर कव्हर उघडं होतं. ती आईच्या झग्यावरून, त्या सपाट जागेवरून, अंगठा फिरवत होती.

"मुलाखतीत मी तसं म्हणायला नको होतं," ती म्हणाली. "तो विचारत होता आणि मला लाज वाटली की मी नव्हते." थोरलीने पिशवी उचलली. "मूळ फोटो आहे ना, ताई?"

"नाही."

"चौकटीतला?"

"गेला."

"संगणकात?"

"पुसला."

धाकटीने मान हलवली. ती रडत नव्हती. यातून गाणं होणार नव्हतं, तेही दोघींना दिसत होतं.

"मग तू तरी सांग," धाकटी म्हणाली. "तू बघितलंयस ना? मी होते तेव्हा कसं होतं? आईचा हा हात कुठे होता? आई कुणाकडे बघत होती? सांग ना, ताई."

आता ते पाहिलेलं एकच माणूस जगात होतं. पसरलेली बोटं, खाली झुकलेली मान, ओठांत दाबलेलं हसू, सगळं थोरलीला डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य तिच्या तोंडात आलं, आणि ते सांगितलं तर आई पुन्हा तिकडे बघायला लागेल, हेही तिला कळलं.

तिने पिशवी खांद्याला लावली.

"माझ्याकडे," ती म्हणाली, आणि खोलीचं दार ओढून घेतलं.